इटालियन क्रियापदातला न लिहिलेला जोर

तीन इटालियन शब्द मोठ्याने वाचून बघा: काऽपितो, कापिऽतो, कापितोऽ. पहिल्याचा अर्थ 'मी सहज येऊन टपकतो', दुसऱ्याचा 'समजलं', तिसऱ्याचा 'घडलं'. रोमन लिपीतलं स्पेलिंग तिन्हींचं एकच. फरक फक्त जोराचा: एकदा सुरुवातीला, एकदा मध्ये, एकदा शेवटी. छापील पानावर यातल्या तिसऱ्याच्याच शेवटच्या स्वरावर खूण दिसते. पहिले दोन आपले आपण ओळखायचे.

मिलान किंवा तोरिनोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून मोबाईलवर इटालियन शिकायला बसलेली मुलं आपल्या आसपास आता बरीच दिसतात. पहिले दोन आठवडे त्यांची स्वारी खुशीत असते. लिहिल्यासारखं वाचायचं, अगदी मराठीसारखं! मग क्रियापदांची कोष्टकं येतात, त्यात अर्धी 'अनियमित' निघतात, आणि गाडी अडते. माझं म्हणणं असं की यातली बरीचशी अनियमित नाहीतच. जोर कुठे पडतो हे कळलं की ती नियमात बसतात. पाठ्यपुस्तकं नेमकी तीच गोष्ट तळटीपेत ढकलतात.

या लेखात जोर असलेल्या अक्षरापुढे ऽ ही खूण टाकली आहे. 'आईऽ' अशी हाक लिहितो तशी. पण इथे ती फक्त जोराची, दर वेळी लांबवण्याची नव्हे.

अक्षर म्हणजे काय, जोर म्हणजे काय

शाळेत वृत्तं शिकताना बोटांवर मोजायचो तेच हे अक्षर: एक स्वर आणि त्याला धरून एका दमात येणारी व्यंजनं. अक्षर स्वरावर संपलं तर ते उघडं, व्यंजनावर संपलं तर बंद. 'पत्र' या शब्दात 'प' गुरु का? कारण जोडाक्षरातला त् मागच्या अक्षराला जाऊन चिकटतो आणि ते बंद होतं. इटालियनमध्येही तेच. फात्तो (केलेलं) म्हणजे फात्-तो, पहिलं अक्षर बंद. फातो (नशीब) म्हणजे फा-तो, पहिलं उघडं.

जोर म्हणजे त्या अक्षरावर आवाज चढवणं आणि किंचित रेंगाळणं. मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान त्याकडे लक्ष द्यायला शिकलेलाच नसतो. दुहेरी व्यंजनं मात्र आपल्याला सोपी जातात. पिता आणि पित्त यांत गल्लत करणारा मराठी माणूस सापडणार नाही. तेव्हा इटलीत पेन्ने पास्ता मागवताना 'न्न' व्यवस्थित दुहेरी उच्चारा. एकेरी 'न' असलेला शब्द वेगळ्याच अवयवाचं नाव आहे आणि वेटर हसू दाबतो.

जोर कुठे द्यायचा हे ठरवलं कोणी?

लॅटिनने. तिचा नियम वृत्तं शिकलेल्या माणसाला लगेच कळेल. शेवटून दुसरं अक्षर गुरु असेल तर जोर त्यावर. ते लघु असेल तर जोर एक घर मागे, शेवटून तिसऱ्यावर. बस.

पुढे लॅटिनची इटालियन होताना स्वरांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद पुसला गेला, पण जोर जिथे होता तिथेच राहिला. म्हणजे कारण गेलं, परिणाम उरला. आज इटालियन शब्द नुसता बघून जोर सांगता येत नाही तो यामुळे. मिलाऽनो, तोरिऽनो, पण नाऽपोली, जेऽनोवा, मोऽदेना. आपले फुटबॉल समालोचक सर्रास 'नापोऽली' म्हणतात ते चूक.

नियमाचा एक तुकडा मात्र शाबूत आहे. शेवटून दुसरं अक्षर बंद असेल तर जोर जवळपास नेहमी तिथेच पडतो. राक्कोऽन्ता (सांगतो), आस्पेऽत्ता (थांबतो, वाट बघतो) यांत विचार करायची गरज नाही. ताऽरान्तो या शहरासारखे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खरी अडचण ते अक्षर उघडं असलं की येते. आऽबिता म्हणजे 'राहतो' आणि इन्विऽता म्हणजे 'आमंत्रण देतो'. बांधणी सारखी, जोर वेगळा. इथे शब्दकोश उघडण्याला पर्याय नाही.

क्रियापदाचे तुकडे

'पार्लाऽवानो' म्हणजे 'ते बोलत असत'. त्याचे तुकडे असे: पार्ल् हा धातू, मग आ हा गणाचा (क्रियापदाच्या गटाचा) स्वर, मग वा हे भूतकाळाचं चिन्ह, शेवटी नो म्हणजे 'ते'. प्रत्येक तुकड्याचं काम ठरलेलं. 'करतात' मध्ये आपण कर + त + आत वेगळं करू शकतो, त्याच जातीची ही रचना.

गण तीन, आरे, एरे आणि इरे यांनी संपणारे. आता पार्लारे (बोलणे) याची वर्तमानकाळातली सहा रूपं बघा:

मी – पाऽर्लो
तू – पाऽर्लि
तो, ती – पाऽर्ला
आम्ही – पार्ल्याऽमो
तुम्ही – पार्लाऽते
ते – पाऽर्लानो

चार रूपांत जोर धातूवर आहे, दोनांत प्रत्ययावर. 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांचे प्रत्यय वजनदार, ते जोर स्वतःकडे ओढून घेतात. 'ते'चा नो मात्र अगदी हलका. 'तो'च्या रूपाला मागून चिकटतो आणि जोराला हात लावत नाही. पाऽर्लाचं पाऽर्लानो, आऽबिताचं आऽबितानो. त्यामुळेच तेलेऽफोनानो (ते फोन करतात) अशी रूपं होतात, ज्यात जोर शेवटून चक्क चौथ्या अक्षरावर असतो. परका माणूस सवयीने तो पुढे सरकवतो आणि तिथेच पकडला जातो. पेऽर्दोनो म्हणजे 'ते गमावतात'. पेर्दोऽनो म्हणजे 'माफी'. भूतकाळातही हाच घोटाळा: पार्लावाऽमो 'आम्ही बोलत असू', पार्लाऽवानो 'ते बोलत असत'. म आणि न एकवेळ ऐकू आले नाहीत तरी जोरावरून कोण बोलतंय ते कळतं.

एकवचन डावीकडे आणि अनेकवचन उजवीकडे मांडलं, आणि जोर धातूवर असलेल्या चार चौकटींभोवती रेघ मारली, तर बुटासारखा आकार होतो. शिक्षक त्याला बूटच म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ मार्टिन मेडन यांनी याच मांडणीला 'एन-नमुना' असं नाव दिलं आहे आणि रोमान्स (म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या) भाषांत ती पुन्हा पुन्हा कशी उगवते यावर भरपूर लिहिलं आहे.

'मग अनियमित क्रियापदांचं काय?'

इथे खरी गंमत आहे. वेनिरे, म्हणजे 'येणे', हे पहिल्याच महिन्यात भेटतं:

मी – वेऽन्गो
तू – व्येऽनि
तो, ती – व्येऽने
आम्ही – वेन्याऽमो
तुम्ही – वेनिऽते
ते – वेऽन्गोनो

वे, व्ये, व्ये, वे, वे, वे. बघताक्षणी वाटतं, कोणी नाणेफेक करून ठरवलं असावं. पण इटालियनचा पाया असलेल्या फ्लोरेन्सच्या बोलीत एक जुना ध्वनिनियम आहे: लॅटिनचा ऱ्हस्व ए जोराच्या आणि उघड्या अक्षरात असेल तर त्याचा 'ये' होतो, ऱ्हस्व ओ असेल तर 'वो'. अटी दोन, आणि दोन्ही पाळल्या गेल्या पाहिजेत. आता परत बघा. व्ये-ने: जोर आहे, अक्षर उघडं आहे, म्हणून 'ये'. वे-नि-ते: अक्षर उघडं, पण जोर पुढे निघून गेला, म्हणून साधा 'ए'. वेन्-गो: जोर आहे, पण अक्षर न् ने बंद झालं, म्हणून पुन्हा साधा 'ए'. हा ग कुठून घुसला त्याचा इतिहास निराळा, पण स्वराचा हिशेब चोख लागतो.

मोरिरे (मरणे) याचंही तसंच. म्वोऽरे 'तो मरतो', मोर्याऽमो 'आम्ही मरतो', आणि मोऽर्तो 'मेलेला', ज्यात 'मोर्' बंद असल्यामुळे 'वो' नाही. सेदेरे (बसणे): स्येऽदे 'तो बसतो', सेदेऽते 'तुम्ही बसता'.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मूल – मुलाला, पीठ – पिठात, विहीर – विहिरीत. प्रत्यय लागला, शब्द पुढे वाढला, की मागचा दीर्घ स्वर आखडतो. 'फूल' आणि 'फुलं' हे अनियमित अनेकवचन आहे असं कुणी म्हणत नाही. व्येऽने आणि वेनिऽते यांचं नातं याच वळणाचं आहे. फरक इतकाच की आपल्याकडे ते ऱ्हस्व-दीर्घात दिसतं आणि लिहिलंही जातं. तिथे त्यामागचा जोर लिहिला जात नाही.

बूट उरला, कारण गेलं

एकदा ही चार-दोनची विभागणी जिभेवर बसली, की भाषेने तिचा भलताच उपयोग करून घेतला. आन्दारे (जाणे) बघा: वाऽदो, वाऽइ, वा, आन्द्याऽमो, आन्दाऽते, वाऽन्नो. दोन निरनिराळे धातू, पण वाटणी त्याच चौकटीत. बुटात एक, बाहेर दुसरा. उश्शिरे (बाहेर पडणे) यात एऽस्को, एऽश्शि, एऽश्शे, मग उश्शाऽमो, उश्शिऽते आणि परत एऽस्कोनो. लॅटिनमध्ये हा 'एक्सिरे' होता. जोराचा ए टिकला. बिनजोराच्या जागी उऽश्शो म्हणजे 'दार' या शब्दाच्या संगतीने 'उ' शिरला. दाराबाहेर पडण्याच्या क्रियेत दार शिरलं, हे मला फार आवडतं.

आणि मग 'इस्क'. कापिरे (समजणे): कापिऽस्को, कापिऽश्शि, कापिऽश्शे, काप्याऽमो, कापिऽते, कापिऽस्कोनो. हा इस्क मूळचा लॅटिनमधला, तिथे त्याला 'होऊ लागणे' अशी अर्थछटा होती. इटालियनमध्ये अर्थ काहीच उरला नाही. मग तो येतो का? नेमका त्याच चार रूपांत येतो जिथे जोर धातूवर पडला असता. तो स्वतः जोर घेतो आणि धातूला मोकळं ठेवतो. त्यामुळे सहाच्या सहा रूपांत 'काप्' बिनजोराचा राहतो. ही पाठांतराची शिक्षा नाही, धातूचा स्वर स्थिर राहावा म्हणून केलेली सोय आहे, असं बघितलं तर राग कमी येतो.

एरेचे दोन प्रकार

आरे आणि इरे या क्रियापदांच्या मूळ रूपात जोर नेहमी आ आणि इ वर. एरेमध्ये मात्र दोन तट. वेदेऽरे (पाहणे) आणि तेमेऽरे (भिणे) एकीकडे. लेऽज्जेरे (वाचणे), स्क्रिऽवेरे (लिहिणे), प्रेऽन्देरे (घेणे) दुसरीकडे. लॅटिनमध्ये पहिल्यांचा ए दीर्घ होता, दुसऱ्यांचा ऱ्हस्व. वरचा नियम लावा, उत्तर आपोआप येतं.

काहींनी मधल्या काळात तट बदलला. 'सापेऽरे' (माहीत असणे) आणि 'कादेऽरे' (पडणे) लॅटिनमध्ये ऱ्हस्ववाले होते, 'रिऽदेरे' (हसणे) दीर्घवालं. म्हणून लॅटिन येत असलेला माणूसही इथे फसतो. आणि लेऽज्जेरेचा जोर चुकला तर 'लेज्जेऽरे' होतं, म्हणजे 'हलक्या' (स्त्रीलिंगी अनेकवचन).

भविष्यकाळ शेवटी का ओरडतो?

संगीतकार पुच्चीनीच्या 'तुरान्दोत' या ऑपेराचा पहिला प्रयोग १९२६ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात झाला. त्यातल्या एका गाण्याचा शेवटचा शब्द आहे 'विन्चेरोऽ', म्हणजे 'मी जिंकेन'. १९९० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी पावारोत्ती या गायकाच्या आवाजात तो जगभर पोचला. ऑपेराशी संबंध नसलेल्यांनीही तो कधी ना कधी ऐकलेला असतो.

हा 'रोऽ' म्हणजे कोण? मुळात लॅटिन बोलणारी सामान्य माणसं भविष्यकाळ जोडून बनवू लागली: 'जिंकणे' + 'मला आहे'. 'मला जायचं आहे' असं आपण म्हणतो त्याच धाटणीचं. पुढे दोन्ही शब्द सांधले गेले आणि 'आहे'चा जोर शेवटी पक्का बसला. आजही दिसतं: 'माझ्याकडे आहे' म्हणजे ओ, 'तुझ्याकडे' आइ, 'त्याच्याकडे' आ, 'त्यांच्याकडे' आन्नो; आणि भविष्यकाळ पार्लेरोऽ, पार्लेराऽइ, पार्लेराऽ, पार्लेराऽन्नो. पार्लारेचा आ जोर गमावल्यावर फ्लोरेन्सच्या बोलीत ए झाला, म्हणून 'पार्लेरोऽ'.

गायक मात्र जोर कुठे आहे याची फिकीर करत नाहीत. विन्चेरोऽ मधला सर्वांत उंच सूर 'चे' वर आहे आणि टेनर (उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक) तो श्वास संपेपर्यंत धरतात. पुच्चीनीने लिहिलंय उलट: 'चे'वरचा सूर निमिषभराचा, लांब सूर 'रो' वर. स्वरलिपीत व्याकरण बरोबर आहे, टाळ्या मात्र 'चे' ला पडतात.

साध्या भूतकाळातही जोर असाच शेवटी जातो. पाऽर्लो 'मी बोलतो', पार्लोऽ 'तो बोलला'. पुरुषही बदलला आणि काळही, दोन्ही एका जोराने.

मागून डबे जोडले तर?

आज्ञार्थाला मला, त्याला, ते अशी सर्वनामं मागून जोडली जातात. इथे रेल्वेचा दाखला चपखल आहे: मागे कितीही डबे जोडले तरी इंजिन पुढेच. तेलेऽफोना 'फोन कर', तेलेऽफोनामि 'मला फोन कर'. ओऽर्दिना 'मागव', ओऽर्दिनामेलो 'ते माझ्यासाठी मागव', जोर शेवटून पाचव्या अक्षरावर. इटालियन लहान मुलं हे बिनदिक्कत बोलतात. आपण मात्र चौथ्या अक्षरापर्यंत जोर विसरून जातो आणि शेवटी घाईघाईने कुठेतरी टाकतो.

आज्ञार्थ एकाक्षरी असेल तर पुढचं व्यंजन दुहेरी होतं: दि + मि = दिऽम्मि, 'मला सांग'.

'इटालियन लोकांचं तरी चुकत नाही ना?'

चुकतं, आणि त्यावरून वाद घालायला त्यांना आवडतं. 'मन वळवणे' या क्रियापदाचा प्रमाण उच्चार पेर्स्वादेऽरे. 'पेर्स्वाऽदेरे' म्हणणारे सुशिक्षितही पुष्कळ. 'बाष्पीभवन होतं' यासाठी एवापोऽरा हे जुनं वळण, पण बहुतेक जण एवाऽपोरा म्हणतात आणि आता तेही चालतं. अशा शंकांना उत्तरं द्यायचं काम फ्लोरेन्सची अकादेमिया देल्ला क्रूस्का करते. ही भाषासंस्था १५८३ साली स्थापन झाली. राय या सार्वजनिक प्रसारण संस्थेने तर निवेदकांची पंचाईत होऊ नये म्हणून १९६९ साली खास उच्चारकोश काढला.

प्रदेशाप्रमाणेही फरक पडतो. शेवटी जोर असलेल्या शब्दानंतरचं व्यंजन रोम आणि फ्लोरेन्समध्ये दुहेरी होतं. आन्दोऽ विया (निघून गेला) तिथे 'आन्दोऽव्विया' ऐकू येतं. मिलानमध्ये नाही. मिलानला शिकायला जाणाऱ्याने याची काळजी करू नये.

'मग सरळ खूण का करत नाहीत?'

स्पॅनिशमध्ये करतात. नियमाबाहेरचा जोर असेल तर तिथे प्रत्येक शब्दावर खूण येते. इटालियनमध्ये ती फक्त शेवटच्या अक्षरावर जोर असेल तर सक्तीची, आणि गोंधळ होईल अशा काही एकाक्षरी शब्दांवर: 'दा' म्हणजे 'पासून', खूण केलेला 'दा' म्हणजे 'देतो'. बाकी सगळं वाचणाऱ्यावर सोडलेलं. आपणही फार वेगळे नाही. 'चार' आणि 'चारा' यांतले च वेगळे आहेत, पण दोन्ही एकाच चिन्हाने लिहितो आणि परक्याने कुठला च कुठे हे विचारलं की खांदे उडवतो.

पण जोर कधीकधी आडमार्गाने स्पेलिंगमध्ये डोकावतो. स्तुद्याऽरे (अभ्यास करणे) याचं 'तू'चं रूप एका इ ने लिहितात: स्तुऽदि. इन्व्याऽरे (पाठवणे) याचं दोन इ नी: इन्विऽइ. कारण 'मी'च्या रूपात पहिल्याचा जोर 'स्तु' वर आहे (स्तुऽद्यो), दुसऱ्याचा त्या इ वरच (इन्विऽओ). जोर असलेला इ गिळता येत नाही, म्हणून तो लिहावा लागतो.

शिकणाऱ्याने याचं काय करायचं? प्रत्येक नवं क्रियापद दोन रूपांत पाठ करावं: मूळ रूप आणि 'मी'चं रूप, दोन्ही जोरासकट, मोठ्याने. आबिताऽरे, आऽबितो. इन्विताऽरे, इन्विऽतो. 'मी'चा जोर कळला की 'तू', 'तो' आणि 'ते' यांचा जोर मिळतो, 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांचा ठरलेलाच असतो. चांगल्या शब्दकोशात मूळ शब्दापुढे कंसात 'मी'चं रूप खुणेसकट दिलेलं असतं. बहुतेक मोबाईल ॲपमध्ये ते नसतं, म्हणून एक छापील कोश हाताशी ठेवा, जुना असला तरी चालेल.